सात माणसं, अकरा नग

राजारामपुरीतल्या एका ताईंनी प्रश्न विचारलाय, तो थोडक्यात असा. घरात सात माणसं: सासू-सासरे, नवरा-बायको, दोन मुलं आणि कॉलेजला असलेला पुतण्या. सासूबाईंना इन्सुलिन चालू आहे. ताई स्वतः नोकरी करतात. वर्षातनं दोनदा सगळे बाहेर पडतात, मे महिन्यात कोकण आणि दिवाळीनंतर तिरुपती. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत त्या एकट्याच बॅगा भरतात, तरी काहीतरी राहतंच. परत आल्यावर आठवडाभर घर जागेवर येत नाही. याला काही पद्धत आहे का?

आहे, ताई. गेली १९ वर्षं मी कोल्हापुरातनं कुटुंबांच्या सहली काढते, वीस-पंचवीस माणसांच्या. त्याच्याही आधीपासून शुक्रवार पेठेत नऊ माणसांचं घर चालवते. त्या अनुभवावरनं सांगते. तुमचं भरण्याचं तंत्र चुकत नाही. सात माणसांचं सामान तुमच्या एकटीच्या डोक्यात आहे, खरी अडचण ती आहे. ते डोक्यातनं काढून कागदावर, ठरलेल्या जागेवर आणि सातही जणांच्या हातात गेलं पाहिजे.

आधी माझ्यावर आलेली वेळ सांगते. लग्नानंतरची सुरुवातीची वर्षं. आम्ही घरचेच सगळे गणपतीपुळ्याला गेलो होतो. आंबा घाट उतरला, साखरप्याला चहा झाला, दुपारी पोचलो, पोरं समुद्रात डुंबून आली. रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंनी विचारलं, "माझी बीपीची गोळी कुणाकडं हाय?" नवऱ्याला वाटलं होतं मी घेतली. मला वाटलं होतं त्यांनी स्वतःच्या पिशवीत टाकली. त्यांना वाटलं होतं सून सगळं बघतीय, म्हणजे आलीच असंल. गोळ्या कोल्हापुरात, स्वयंपाकघराच्या खिडकीत, पाण्याच्या तांब्याशेजारी होत्या. गोळीचं नाव सगळ्यांना तोंडपाठ, पण ती किती मिलिग्रॅमची ते एकालाही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला जाऊन, आमच्या डॉक्टरांना फोन लावून गोळी मिळेपर्यंत अकरा वाजले. तोवर आमच्यापैकी कुणाच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

त्यानंतर मी एक गोष्ट लक्ष देऊन बघायला लागले, आणि इतक्या वर्षांत ती खोटी ठरलेली नाही. खास प्रवासाच्या वस्तू सहसा राहत नाहीत. स्वेटर, टॉर्च, छत्री ह्या आदल्या दिवशी काढून ठेवता येतात. राहतं ते निघायच्या सकाळपर्यंत वापरात असलेलं. चष्मा, कवळी, चार्जर, दात घासायचा ब्रश, रोजच्या गोळ्या, फ्रिजमधलं इन्सुलिन. कितीही मोठी यादी केली तरी ह्या वस्तूंपुढं आदल्या रात्री खूण करताच येत नाही, आणि सकाळच्या गडबडीत यादी कोण बघतो?

म्हणून दोन वेगळे कागद करा. एक मोठी यादी, तिच्याकडं पुढं येतेच. दुसरी लहानशी चिठ्ठी, सात-आठ ओळींची. तिच्यात फक्त सकाळी शेवटी उचलायच्या वस्तू. ही चिठ्ठी दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या वर चिकटवायची. कुलूप लावायला हात तिथं जाणारच. मी घरातल्या लहान मुलाला ती मोठ्यानं वाचायला लावते. "आजीचा चष्मा?" "आहे!" "इन्सुलिन?" "घेतलं!" ज्याच्याकडं वस्तू आहे त्यानं ती वर करून दाखवायची. "असंल की" हे उत्तर चालत नाही. याला दोन मिनिटं लागतात.

आणि जे दुहेरी ठेवणं परवडतं ते दुहेरीच ठेवा. आमच्याकडं एक कापडी पिशवी कायम भरलेली असते: सगळ्यांचे ब्रश, पेस्ट, कंगवा, साबण, सेफ्टी पिना, सुईदोरा, नेलकटर, दोन मीटर नायलॉनची दोरी, कपड्यांचे चिमटे, एक जादा चार्जर. ती खुंटीवर असते आणि घरात कितीही नड आली तरी तिच्यातली वस्तू काढायची नाही. पहिले सहा महिने हे पाळणं अवघड जातं. नेलकटर सापडेना की हात तिकडंच जातो. नंतर घराला सवय होते.

आता मोठी यादी. बहुतेकजणी ती जायच्या आधी बसून करतात. तेव्हा डोक्यात उत्साह असतो, म्हणून नको ते भरलं जातं. यादी परतीच्या वाटेवर करा. गाडीत बसल्या बसल्या तीन गोष्टी लिहायच्या: काय कमी पडलं, काय नुसतं फिरून परत आलं, आणि काय तिथं विकत घ्यावं लागलं. तीन सहलींत तुमच्या घराची अशी यादी तयार होते की तशी बाजारात कुठं मिळणार नाही. आमच्या यादीतनं दुसऱ्याच वर्षी चार साड्या आणि इस्त्री गेली, आणि मेणबत्ती आली. कोकणात मे महिन्यात वीज जाते, हे आम्हाला दोनदा अंधारात बसून कळलं. यादी कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहू नका, वर्ष संपलं की ती रद्दीत जाते. शंभर पानी वही करा. मोबाईलमध्ये ठेवायची असली तर घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असू द्या.

वाटणीचं सांगते, कारण तुमचा प्रश्न खरा इथंच सुटणार आहे. "जरा मदत करा की" असं म्हणून काही होत नाही. मदत म्हणजे काम तुमचंच राहतं आणि सांगायचं कामही वर येऊन बसतं. खातं नेमून द्या. आमच्या घरी तिकिटं, ओळखपत्रं, रोख पैसे आणि घर बंद करणं हे नवऱ्याचं. चार्जर, पॉवर बँक, पाण्याच्या बाटल्या हे पोरांचं. देवघर आणि तुळस सासूबाईंची. शेजारी दिवा लावायला कोण येणार ते त्याच ठरवायच्या. औषधं आणि खाणं माझं. दहा वर्षांच्या पुढच्या प्रत्येकानं आपापले कपडे स्वतः भरायचे. तुमचा पुतण्या तर कॉलेजला आहे, त्याला पूर्ण एक खातं द्या. नग मोजायचं द्या.

एकदा दिलं की मागनं जाऊन त्याची बॅग उघडून बघायची नाही, हे मात्र कठीण आहे. मला ते जमायला पाच वर्षं लागली. आमच्या मुलानं एकदा पोहायची चड्डी घेतली नाही. माझ्या ते आदल्या रात्रीच ध्यानात आलं होतं, तरी मी गप्प बसले. तारकर्लीत त्यानं अर्धा दिवस किनाऱ्यावर बसून भावंडांकडं बघितलं. जीव तुटत होता, पण त्यानंतर त्याची बॅग कधी अपुरी निघाली नाही. औषध, कागदपत्रं आणि पैसे सोडले तर कुठलीही वस्तू राहिली म्हणून बिघडत नाही, हे आईनं आधी मनाशी पक्कं करावं. त्या तीन गोष्टी मात्र दोघांनी तपासायच्या.

बॅगा माणसागणिक भरण्यापेक्षा मुक्कामागणिक भरा. तिरुपतीला जाताना रेल्वेत एक रात्र असते. त्या रात्रीपुरतं सगळ्यांचं एकाच पिशवीत: चादरी, एकेक कपड्याचा जोड, ब्रश. मोठ्या बॅगा सीटखाली गेल्या की मुक्कामापर्यंत उघडायच्या नाहीत. लहान मुलांचे कपडे दिवसागणिक. बनियनपासून रुमालापर्यंत एका दिवसाचा पूर्ण जोड एका पारदर्शक पिशवीत, वर वार लिहायचा. सकाळी एक पिशवी बाहेर येते, संध्याकाळी मळके कपडे त्याच पिशवीत आत जातात. बाकी कपड्यांबद्दल जास्त सांगत नाही. तीन दिवसांना तीन जोड आणि वर एक, एवढं पुरतं.

नग मोजून ठेवा. आमचे अकरा असतात, पिशव्या धरून. घरातनं निघताना मोजायचे, गाडीत चढवल्यावर, आणि उतरल्यावर पुन्हा. आकडा सगळ्यांना माहीत हवा. वाटेत घेतलेली काजूची पिशवी हातात आली की मोठ्यानं म्हणायचं, "आता बारा." प्रत्येकाला स्वतःचा एक नग स्वतः उचलता आलाच पाहिजे, सासऱ्यांनाही. त्यांची हलकी पिशवी त्यांच्या हातात असू द्या. सगळं काढून घेतलं की वडीलधाऱ्यांना आपण ओझं झालोय असं वाटतं.

औषधांचा डबा माझ्याकडं स्टीलचा आहे, पूर्वी शाळेत नेत होतो तसला चपटा. झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय: कुणाची गोळी, नाव, किती मिलिग्रॅमची, कधी घ्यायची, डॉक्टरांचा नंबर. गोळ्या पट्टीतनं सुट्या काढू नका, नाव आणि मुदत पट्टीवरच असते. जितके दिवस जाणार त्याच्यावर तीन दिवसांच्या जादा घ्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा आणि पट्ट्यांचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायचं असतं. ग्लासभर पाण्यात चिमूटभर टाकून उपयोग नाही. घाटात ज्याला उलटी होते त्याची गोळी निघायच्या आधी अर्धा-एक तास पोटात जायला हवी. मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी तशीच बाहेर येते.

इन्सुलिनचं नीट ऐका. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत राहावं लागतं. वापरात असलेलं पेन किंवा बाटली साधारण महिनाभर बाहेर चालते, पण उकाडा आणि ऊन नको. नक्की किती दिवस आणि किती तापमान ते आतल्या कागदावर असतं, प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते ठेवायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा. आणि बर्फाला थेट चिकटवून ठेवायचं नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं म्हणून समजा. ते पुन्हा पातळ झालं तरी टोचायचं नाही. मी रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये गार पाण्याची बंद बाटली घालते आणि पेन कोरड्या नॅपकिनात गुंडाळून तिच्याशेजारी ठेवते. हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवलंत तर दाराच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या खणाखाली नको. निघायच्या सकाळच्या चिठ्ठीत पहिली ओळ त्याचीच असू द्या.

तिरुपतीबद्दल तीन गोष्टी. दर्शनाला पारंपरिक पोशाख लागतो: पुरुषांना धोतर किंवा कुर्ता-पायजमा, बायकांना साडी किंवा ओढणीसकट चुडीदार. पुतण्याची जीन्स तिथं चालायची नाही, हे त्याला इथंच सांगा. ओळखपत्रं मूळ हवीत, झेरॉक्स नको. आणि मंदिरात मोबाईल नेता येत नाही. म्हणून रांगेत शिरायच्या आधी चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते ठरवा, आणि मुलांच्या व सासू-सासऱ्यांच्या खिशात नाव, उतरलोय ते ठिकाण आणि दोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. सगळे नंबर मोबाईलमध्ये आणि मोबाईल लॉकरमध्ये असताना म्हातारं माणूस गर्दीत किती घाबरतं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

खाण्याचं मला जास्त आवडतं, पण आवरतं घेते. पहिल्या दिवशी साध्या चपात्या, दुसऱ्या दिवसासाठी दशम्या. दुधात पीठ मळलं की दशमी मऊ राहते. सात माणसांना माणशी तीन धरून वीस-एकवीस दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ. भडंग घरचंच, पण मोठ्या डब्यात नको. वाटीभराच्या सात पुड्या बांधा. एकच डबा फिरवला की अर्धं भडंग सीटवर जातं. आपली कांदा-लसूण चटणी लहान बाटलीत, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद लावून. तेल सुटलं की ती कापडात उतरते आणि तो डाग जन्मात जात नाही.

आता घर बंद करणं. परत आल्यावर आठवडाभर घर लागत नाही म्हणता, त्याचं कारण जायच्या आदल्या दोन दिवसांत असतं. चार दिवस आधीपासून बाजार बंद करा. रविवारच्या लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं त्या आठवड्यात पालेभाजी आणू नका, फ्रिजमध्ये आहे ते संपवा. दुधाचा रतीब कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत नको ते दूधवाल्याला सांगा आणि कॅलेंडरवर लिहा. आदल्या रात्री कचरा बाहेर, मोरीत गरम पाणी. सकाळी एकच माणूस घरभर एकच फेरी मारतो, ठरलेल्या क्रमानं: मागचं दार, खिडक्या, नळ, गिझर, मोटारीचं बटण, गॅसचा रेग्युलेटर, आणि शेवटी पुढचं दार. आमच्याकडं नवरा रेग्युलेटरवर हात ठेवून "गॅस बंद" असं तोंडानं म्हणतो. हातानं केलेलं आणि तोंडानं म्हटलेलं घाटात गेल्यावरही आठवतं. मग "गॅस बंद केलाय ना?" म्हणून कुणाचा जीव टांगणीला लागत नाही. कुंड्यांसाठी बादलीभर पाण्यात सुती दोरीचं एक टोक आणि दुसरं कुंडीच्या मातीत. बादली कुंडीपेक्षा थोडी उंच ठेवा. चार-पाच दिवस तुळस तग धरते.

कागदपत्रांची पिशवी मात्र सहलीपुरती ठेवू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी वाढत होतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे आमच्याकडं पोराटोरांना पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं तेव्हा घरातनं निघायला अर्धा तास मिळाला. शेजारच्या घरात कपाटं उपसून कागद शोधणं चाललं होतं. आम्ही खुंटीवरची कापडी पिशवी, औषधांचा डबा आणि वरच्या फळीवरची कागदांची प्लास्टिकची पिशवी घेतली आणि सासऱ्यांना धरून बाहेर पडलो. आधार, रेशनकार्ड, बँकेची पुस्तकं, घराचे कागद, विमा, मुलांचे दाखले, डॉक्टरांच्या फायली. तीन नग. सहलीसाठी लावलेली सवय त्या दिवशी उपयोगी पडली. तेव्हापासून जून लागला की मी ही पिशवी एकदा उघडून बघते, आत ओल धरलेली नाही ना ते.

रोजच्या घराला वेगळी पद्धत लागत नाही, हीच लागू करा. स्वयंपाकघरात पेन्सिल बांधलेला कागद ठेवा. शेवटचं पाकीट जो फोडेल त्यानं लिहायचं, संपायची वाट बघायची नाही. सिलिंडर बदलला की कॅलेंडरवर तारीख टाका. तो तुमच्या घरात किती दिवस पुरतो हे तीन वेळा लिहिलं की कळतं आणि ऐनवेळी धावपळ होत नाही. सगळ्या किल्ल्या एका खुंटीवर. झोपायच्या आधी सगळ्यांनी मिळून दहा मिनिटं आवराआवर, टीव्ही बंद करून. आपल्याकडं नवरात्राच्या आधी अंथरुणं-पांघरुणं, गोधड्या सगळं धुऊन निघतं, घर रिकामं होतं. त्याच आठवड्यात बॅगाही माळ्यावरनं काढा, झटका, चेन तुटलेल्या टाकून द्या. तुमची तिरुपती दिवाळीनंतर असते, म्हणजे वेळ बरोबर साधते.

आणि परतीचं. निघायच्या आधीच एका डब्यात दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, हळद, हिंग, मीठ कालवून ठेवते, डब्यावर पाण्याचं माप लिहून. घरी पोचलो की कोणीही कुकर लावतो, मला विचारायला कुणी येत नाही. खिचडी होईपर्यंत बॅगा मोकळ्या करायच्या, त्याही दारातच. मळके कपडे थेट मशीनपाशी, ओले टॉवेल दोरीवर, समुद्राची वाळू अंगणात झटकून. औषधाच्या डब्यात जे संपलं ते त्याच रात्री कागदावर लिहायचं, दुसऱ्या दिवशी आणायचं, आणि डबा जागेवर. बॅगा तशाच ठेवून झोपलात की त्या पुढच्या रविवारपर्यंत हॉलमध्येच पडून राहतात, हे तुम्ही लिहिलंच आहे. ताई, दिवाळीला अजून वेळ आहे. पण पुतण्याला आणि मुलांना खाती वाटून द्यायचं काम या आठवड्यात करा, सासूबाईंना सोबत बसवून. त्यांनी सांगितलेलं पोरं लवकर ऐकतील.